फेरुच्चो बुसोनी : ऑर्गनवरून पियानोवर

पियानोवर वाजवावयाच्या संगीताची जी छापील पुस्तके पाश्चात्य देशांतून येतात, त्यांपैकी काहींच्या मुखपृष्ठावर कर्त्याच्या जागी बाख–बुसोनी असे जोडनाव आढळते. हे एकाच गृहस्थाचे नाव व आडनाव असावे असा नवख्याचा समज होणे साहजिक आहे. वस्तुतः ही दोन माणसे होत. त्यांपैकी योहान सेबास्टियन बाख हे जर्मन संगीतकार १७५० साली निवर्तले, आणि फेरुच्चो बुसोनी हे त्यानंतर ११६ वर्षांनी इटलीत जन्मास आले. ज्यांनी एकमेकांस कधी पाहिले नाही त्यांची नावे अशी कायमची सांधली कशी गेली, आणि त्यापायी बुसोनी यांच्या पदरी काय पडले, हे आमच्या वाचकांस सांगावे असे आम्ही योजिले आहे.

प्रथम ऑर्गन या वाद्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मराठी रंगभूमीवर ज्यास ऑर्गन म्हणत, ती पायांनी भाता हलवावयाची मोठी पेटीच होय. तिच्यात स्वर निघतो तो पितळी पत्तीतून. चर्चमधील मोठा ऑर्गन निराळा. त्यात शेकडो, कधी सहस्रावधी नळ्या उभ्या केलेल्या असतात व प्रत्येक नळी भात्याच्या वाऱ्याने बासरीप्रमाणे किंवा सनईप्रमाणे बोलते. हातांसाठी पट्ट्यांच्या दोन, तीन किंवा अधिक ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकीवर एक बसविलेल्या असतात, आणि खाली पायांसाठी लाकडी पट्ट्यांची आणखी एक ओळ असते. तिच्यावर वादक दोन्ही पायांनी खर्जाचे स्वर वाजवितो. स्टॉप ओढले म्हणजे नळ्यांचे निरनिराळे संच जागे होतात. बाखच्या काळी वीज नव्हती. भाते चालविण्यास वेगळी माणसे लागत. मुंबईच्या काही जुन्या चर्चांतून असा ऑर्गन आहे. तो ज्याने ऐकला असेल त्यास शेवटच्या स्वराबरोबर पायाखालची फरशी कशी थरारते हे सांगावयास नको.

बाख यांच्या काळास युरोपीय संगीताच्या इतिहासात बरोक काळ असे नाव आहे. तो सुमारे १६०० पासून १७५० पर्यंतचा मानतात. त्या काळी ऑर्गन हा वाद्यांचा राजा होता आणि बाख हे त्याचे अद्वितीय वादक होते. १७२३ पासून मृत्यूपर्यंत ते लाइपझिग शहरातील सेंट थॉमस चर्चच्या सेवेत होते. त्यांची ऑर्गनसाठी केलेली रचना विपुल आहे. परंतु ती ऐकावयाची तर चर्चमध्येच जावे लागे, व वाजवावयाची तर हातांबरोबर पायांनीही स्वतंत्र स्वरपंक्ती चालविता आली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात पियानो घरोघरी पोहोचला, आणि ऑर्गनचे हे धन पियानोवर कसे आणावे हा प्रश्न उभा राहिला.

फेरुच्चोचा जन्म १ एप्रिल १८६६ रोजी फ्लॉरेन्सजवळच्या एम्पोली गावी झाला. बाप फर्डिनांडो क्लॅरिनेट वाजवीत गावोगाव हिंडणारा. आई अ‍ॅना वाइस ही ट्रिएस्ट येथील, जर्मन वंशाच्या घराण्यातली व उत्तम पियानोवादक. मुलाचे नाव ठेवताना आईबापांनी हात आखडता घेतला नाही : फेरुच्चो दान्ते मायकेलँजेलो बेनव्हेनुटो. टस्कनीच्या महापुरुषांची नावे पाळण्यातच बाळाच्या गळ्यात घातली गेली! बापाचा स्वभाव तापट, पैशाच्या बाबतीत हात सैल. त्यास स्वतः पियानो फारसा येत नसे. तथापि तो दररोज चार चार तास मुलाशेजारी बसून त्याचा एकेक स्वर व एकेक बोट पारखी. चूक खपत नसे. आणि त्याने मुलाच्या हाती विशेष आग्रहाने दिले ते बाखचे संगीत. त्या वेळच्या इटलीत बाखची गणना बोटांच्या कसरतीची रुक्ष पुस्तके लिहिणारांत होई. ऑपेराच्या चाली गुणगुणणाऱ्या त्या देशात एका भटक्या क्लॅरिनेटवाल्यास ही दृष्टी कोठून आली, याचे पुढे खुद्द मुलासही आश्चर्य वाटे, व आपण बापाचे याबाबत ऋणी आहो असे त्याने मोकळ्या मनाने लिहून ठेविले आहे.

सातव्या वर्षी ट्रिएस्ट येथे मुलाने पहिल्याने जाहीर वादन केले. नवव्या वर्षी व्हिएन्नाच्या संगीतशाळेत त्याचा प्रवेश झाला. तेथील नामांकित टीकाकार एडुआर्ड हान्स्लिक याने त्याची प्रशंसा केली. बाराव्या वर्षी ग्राट्स येथे त्याने स्वतःची रचना स्वतः उभे राहून वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली. हे सारे वाचून आमच्या बालवाचकांस त्याचा हेवा वाटेल. परंतु हेही ध्यानात घ्यावे की, या मैफलींच्या मिळकतीवर आईबापांचा संसार चालत होता. ज्या वयात मुले विटीदांडू खेळतात त्या वयात हा मुलगा घरचा कर्ता पुरुष होता, व प्रौढपणीही तो भार त्याने वाहिला. बालपण असे आपणांस मिळालेच नाही, ही खंत त्याच्या मनात अखेरपर्यंत राहिली.

१८८६ साली, विसाव्या वर्षी, बुसोनी लाइपझिग येथे आले. (येथून पुढे त्यांस आदरार्थी बहुवचन लाविणे योग्य होईल.) हे बाख यांचेच गाव. तेथे वाद्यवृंदाचे अग्रणी व्हायोलिनवादक हेन्री पेट्री या डच गृहस्थांच्या घरी त्यांचे जाणेयेणे असे. १८८८ मध्ये एके दिवशी पेट्रीबाई व बुसोनी सेंट थॉमस चर्चमध्ये गेले असता, तेथील वादक बाख यांचा डी मेजर स्वरातील प्रिल्यूड व फ्यूग ऑर्गनवर वाजवीत होता. हे तुम्ही पियानोसाठी का लिहीत नाही, असे बाईंनी त्यांस सुचविले. एक आठवडा लोटला नाही तोच बुसोनींनी तो संबंध तुकडा पियानोवर उतरवून बाईंस वाजवून दाखविला. त्या घरी त्या वेळी सहासात वर्षांचा एक मुलगा होता, त्याचे नाव एगॉन. त्याची गाठ आपणांस पुढे पडणार आहे.

हे काम बुसोनींनीच प्रथम केले असे मात्र नव्हे. त्यांच्या आधी फ्रान्झ लिस्ट या महान पियानोवादकाने बाखच्या ऑर्गनसाठी असलेल्या सहा प्रिल्यूड व फ्यूगांना पियानोचे रूप दिले होते, व ते १८५२ साली छापून प्रसिद्ध झाले होते. लिस्ट यांनी मूळचे स्वर बहुतेक जसेच्या तसे घेऊन, पायांची पंक्ती डाव्या हातात बसविली. बुसोनींस एवढ्याने समाधान होईना. कागदावरचे स्वर आले, पण चर्चमध्ये जो नाद कानी पडतो तो कोठे आला?

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, आणि ती आमच्या हार्मोनियम वाजविणाऱ्या विद्यार्थ्यांस लवकर समजेल. हार्मोनियमला कपलर असला म्हणजे एक पट्टी दाबताच तिच्याबरोबर दुसऱ्या सप्तकातील तोच स्वर आपोआप बोलतो. ऑर्गनमध्ये स्टॉपांच्या योगाने हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडतो. वादक एक पट्टी दाबतो, पण एक सप्तक खाली, एक वर, दोन वर, असे कितीएक स्वर एकदम उठतात. कागदावर मात्र एकच टिंब लिहिलेले असते. तेव्हा केवळ ते टिंब वाजविणारा पियानोवादक मूळ नादाचा चौथा हिस्साच वाजवितो. म्हणून बुसोनी जेथे ऑर्गन दाटून येतो तेथे एका स्वराऐवजी सप्तकाची जोडी देतात, खर्जाची पंक्ती दुहेरी करून पियानोच्या अगदी तळाशी नेतात, आणि मधल्या स्वरांसाठी अंगठ्यांची अशी योजना करितात की, ऐकणाऱ्यास तीन हात वाजवीत असावेत असा भास व्हावा.

दुसरी अडचण याहून बिकट. ऑर्गनची पट्टी दाबून धरली की स्वर वाटेल तितका वेळ एकसारखा टिकतो. पियानोच्या तारेवर हातोडी पडताच स्वर उमटतो व त्याच क्षणापासून विरू लागतो. घंटेचा टोल आणि शंखाचा सूर यांत जे अंतर, तेच येथे. यावर उपाय पियानोच्या पायकळींचा. उजवी कळ दाबली म्हणजे तारांवरील गाद्या उचलल्या जाऊन सर्व तारा मोकळेपणाने घुमत राहतात. पण ती फार वेळ धरिली तर स्वरांचा चिखल होतो. काही पियानोंस मधली एक तिसरी कळ असते. तिच्या योगे हवे तेवढेच स्वर धरून ठेविता येतात व बाकीचे स्वच्छ राहतात. त्या काळी पुष्कळ वादक या कळीकडे ढुंकूनही पाहत नसत. बुसोनींनी तिचे महत्त्व ओळखिले. शिवाय ऑर्गनमध्ये आवाज हळूहळू चढत नाही. स्टॉप बदलले की एकदम वेगळा होतो. म्हणून पियानोवरही आवाजाच्या अशा पायऱ्या ठेवाव्या, उगीच प्रत्येक ओळीवर हुंदके देत वाजवू नये, असा त्यांचा कटाक्ष असे. ही सर्व पद्धती त्यांनी लपवून ठेविली नाही. बाखच्या अठ्ठेचाळीस प्रिल्यूड व फ्यूगांच्या पहिल्या खंडाची जी आवृत्ती त्यांनी १८९४ साली सिद्ध केली, तिच्या अखेरीस ऑर्गनची रचना पियानोवर कशी आणावी याचे सोदाहरण विवेचन जोडिले आहे.

दरम्यान आयुष्य चालूच होते. १८८८ च्या सप्टेंबरात ते हेलसिंकी येथे शिक्षक म्हणून गेले. त्यांच्याजवळ लेस्को नावाचा एक मोठा कुत्रा होता. त्याच्या नावावरून त्यांनी व त्यांच्या तरुण मित्रांनी आपल्या मंडळीस नाव दिले, आणि त्या मंडळीत पुढे जगप्रसिद्ध झालेला सिबेलियस हाही होता. हेलसिंकी येथेच गेर्डा स्योस्ट्रांड या स्वीडिश शिल्पकाराच्या कन्येशी त्यांची ओळख झाली. १८९० साली सेंट पीटर्सबर्ग येथे रुबिनस्टाइन स्पर्धेत रचनेचे पारितोषिक त्यांनी मिळविले, मॉस्को येथे त्यांस नोकरी लागली व तेथेच उभयतांचा विवाह झाला. तेथून ते अमेरिकेत बॉस्टन येथे गेले, आणि १८९४ पासून बर्लिन हे त्यांचे घर झाले.

बॉस्टन येथे १८९३ मध्ये त्यांनी बाखच्या शाकोन नामक रचनेचे पियानोरूप प्रथम वाजविले. ही मूळ रचना ऑर्गनची नसून एकट्या व्हायोलिनची आहे. चार तारांवरचे ते संगीत बुसोनींनी असे काही विस्तारले की, जणू बाखनी ते प्रथम ऑर्गनसाठी लिहिले असावे व आपण ऑर्गनवरूनच घेत आहो असे वाटावे. यापुढे १९०० च्या सुमारास डी मायनर स्वरातील सुप्रसिद्ध टोकाटा व फ्यूग आले. सभागृहे दुमदुमली.

परंतु आमच्या मते या गर्जनांहून श्रेष्ठ काम १८९८ सालचे आहे. त्या वर्षी बुसोनींनी बाखच्या दहा कोराल प्रिल्यूडांना पियानोचे रूप दिले. कोराल म्हणजे जर्मन चर्चमध्ये सर्व मंडळीने मिळून गावयाचे उपासनागीत. त्याच्या चालीभोवती बाखनी ऑर्गनवर नाजूक वेलबुट्टी विणली आहे. येथे बुसोनींनी सप्तकांचा मारा बाजूस ठेविला आणि घरगुती बैठकीस साजेल असा शांत बाज मुद्दाम पत्करिला. त्यांपैकी एका तुकड्याची वंशावळ पाहण्यासारखी आहे. दहा कुमारींच्या दाखल्यावरून फिलिप निकोलाई या पाळकाने रचिलेले गीत १५९९ साली प्रसिद्ध झाले. १७३१ साली बाखनी त्यावरून गायक व वाद्यवृंद यांच्यासाठी एक मोठी उपासनारचना केली. तिच्यातीलच एक भाग उतारवयात त्यांनी स्वतः ऑर्गनसाठी लिहिला. आणि बुसोनींनी घेतला तो हाच. म्हणजे ज्यास मूळ म्हणून आपण हात जोडतो तेच मुळी रूपांतर आहे, व ते करणारे खुद्द बाख आहेत! तरुणपणी व्हायमार येथे असताना व्हिवाल्डी या इटालियन संगीतकाराच्या व्हायोलिनरचनाही बाखनी अशाच ऑर्गनवर व हार्पसिकॉर्डवर आणिल्या होत्या.

हा दाखला बुसोनींस उपयोगी पडला, कारण त्यांच्यावर टीका कमी झाली नाही. एका पक्षाचे म्हणणे असे की, ऑर्गनचे संगीत ऑर्गनवरच शोभते, पियानोवर त्याची नक्कल करणे म्हणजे मंदिराचा देखावा पडद्यावर रंगविणे होय. बुसोनींनी १९०७ साली संगीताच्या नव्या सौंदर्यशास्त्रावर एक छोटे पुस्तक लिहिले, त्यात त्यांचा पक्ष मांडला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : संगीतकाराच्या मनात कल्पना स्फुरते तेव्हा तिला कोणतेच वाद्य नसते, तो ती कागदावर लिहितो त्याच क्षणी तिचे पहिले रूपांतर झालेले असते. वादक वाजवितो ते दुसरे. मग एका वाद्यावरून दुसऱ्यावर जाण्यात अधिक पाप ते कोणते? आम्हांस हा युक्तिवाद सर्वस्वी पटत नाही. काही ठिकाणी, विशेषतः मोठ्या फ्यूगांच्या अखेरीस, बुसोनींचा भार मूळ रचनेस सोसत नाही आणि कान शिणतो. परंतु ज्या गावी मोठा ऑर्गन नाही तेथील माणसाने बाखचे हे संगीत ऐकूच नये काय, या प्रश्नास विरोधी पक्षापाशी उत्तर नव्हते.

खरी व्यथा निराळीच होती. बुसोनी हे स्वतः रचनाकार होते. १९०४ साली त्यांनी पियानो व वाद्यवृंद यांसाठी सुमारे सवा तास चालणारी रचना केली, तिच्या शेवटी पुरुषांचा गायकसमूहही आहे. त्यांनी ऑपेरा लिहिले. १९०९ साली मे महिन्यात वडील व ऑक्टोबरात आई अशी दोघे एकाच वर्षात गेली. वडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी बाखच्या कोरालांवर आधारलेली एक फँटेसी रचिली, त्याच बाखवर, जो बापाने शेजारी बसून शिकविला होता. आईसाठी लिहिलेले अंगाईगीत १९११ साली न्यूयॉर्क येथे महान संगीतकार माहलर यांनी वाजविले. ती माहलरांची शेवटची मैफल ठरली. पण श्रोते टाळ्या देत ते बाखच्या वादनास. अमेरिकेत एका बाईने गेर्डाबाईंस मिसेस बाख–बुसोनी अशी हाक मारिली, असे सांगतात. हसू येण्याजोगी गोष्ट खरी. पण ज्याच्या घरात ती घडली त्यास ती किती लागली असेल!

तरीही बाखचा संग त्यांनी सोडिला नाही. १९१० साली अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी बाखच्या आर्ट ऑफ फ्यूग या ग्रंथातील अखेरचा, मृत्यूमुळे अर्धवट राहिलेला फ्यूग हाती घेतला व त्याच्या आधारे फँटेसिया कॉन्ट्रापुंटिस्टिका ही प्रचंड रचना सिद्ध केली. येथे रूपांतरकार कोठे संपतो व रचनाकार कोठे सुरू होतो हे सांगणे कठीण आहे.

१९१४ चे महायुद्ध पेटले. जन्माने इटालियन, घर बर्लिनला, पत्नी स्वीडिश, थोरला मुलगा अमेरिकेत जन्मलेला. १९१५ मध्ये इटली युद्धात उतरली, तेव्हा या कुटुंबाने कोणाच्या बाजूने उभे राहावे? जर्मनांस ते परके झाले आणि इटालियनांस जर्मन वाटू लागले. त्यांनी तटस्थ स्वित्झर्लंडमधील झुरिक शहराचा आश्रय घेतला व तेथे पाच वर्षे काढिली. १९१७ साली हान्स फित्स्नर या जर्मन संगीतकाराने त्यांच्या पुस्तकावर कडाडून हल्ला चढविला. उलट झुरिकच्या विश्वविद्यालयाने १९१९ साली त्यांस सन्माननीय डॉक्टर केले. १९२० साली ते बर्लिनला परतले. तेथील कलाअकादमीत निवडक शिष्यांचा वर्ग त्यांस मिळाला. कुर्ट व्हाइल हा त्यांतलाच एक. परंतु प्रकृती खालावली होती, आणि मार्काचे मोल दिवसेंदिवस ढासळत होते. १९२२ च्या फेब्रुवारीत लंडन येथे त्यांनी काही ध्वनिमुद्रिका दिल्या. तबकडीच्या एका बाजूवर चारेक मिनिटेच मावत, म्हणून घड्याळाकडे पाहत वाजवावे लागे, व याचा त्यांस मनस्वी त्रास होई. त्या थोड्या तबकड्यांत त्यांच्या दहा कोरालांपैकी एक आहे. आज तो ऐकावयास मिळतो. मागे खरखर पुष्कळ आहे, पण बोटे मोत्यांसारखी स्वच्छ आहेत.

२७ जुलै १९२४ रोजी, मूत्रपिंडाच्या विकाराने, वयाच्या ५८ व्या वर्षी बर्लिन येथे त्यांचा अंत झाला. वर्षानुवर्षे ज्यावर ते खपत होते तो डॉक्टर फाउस्ट नावाचा ऑपेरा अपुराच राहिला. शिष्य फिलिप यार्नाख याने तो पुरा केला आणि १९२५ साली ड्रेस्डेन येथे तो रंगभूमीवर आला.

कोराल प्रिल्यूडांपैकी दोन तुकडे रुमानियाचा पियानोवादक दिनु लिपाटी याने १९५० च्या जुलैत जिनीव्हा येथे ध्वनिमुद्रित केले. त्या वेळी तो रक्ताच्या दुर्धर रोगाने आजारी होता. त्याच वर्षी डिसेंबरात, ३३ व्या वर्षी, तो वारला. बुसोनींच्या नावाने जे काही वाजविले जाते त्यात हे दोन तुकडे आम्हांस सर्वांत प्रिय आहेत.

आणि पेट्रीबाईंचा तो लहान एगॉन? तो मोठेपणी बुसोनींचा पट्टशिष्य झाला. बाखच्या पियानोरचनांची जी २५ खंडांची आवृत्ती बुसोनींच्या नावे निघाली, तिच्या संपादनात त्याचा मोठा वाटा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तो अमेरिकेत गेला, कॅलिफोर्नियात स्थायिक झाला, आणि १९६२ साली तेथेच वारला. मेंढरे निर्धास्त चरतात अशा अर्थाचे बाखचे एक गाणे आहे, त्याची चाल मनास फार निववणारी. एगॉन पेट्री याने ती पियानोवर आणिली, व पियानो शिकणारी मुले आजही ती वाजवितात.